मामंजींच्या हाताखाली

आमच्या धाकटीला नेमकं काय म्हणायचं, हे आमच्या गल्लीला अजून ठरवता आलेलं नाही. कोणी नर्सबाई म्हणतं, कोणी कंपाउंडर, कोणी छोट्या डॉक्टरीणबाई. ती प्रत्येकाला न चिडता सांगते, "मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी फिजिशियन असिस्टंट आहे." समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणतो. मी तिच्या जागी असते तर एव्हाना गळ्यात पाटी अडकवून फिरले असते. पण ती धाकटी आणि मी थोरली, आणि आमच्या दोघींच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

थोरली म्हणजे ह्या घरची थोरली सून. धाकटी माझी जाऊ. आमचे सासरे डॉक्टर. खाली त्यांचा दवाखाना, त्याला लागून माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान, आणि वर आम्ही सगळे. दवाखान्यातून निघालेला पेशंट चिठ्ठी घेऊन थेट आमच्या काउंटरला येऊन टेकतो, आणि काउंटरवर असते मी. मधल्या भिंतीत एक सरकती खिडकी आहे, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. नको असलं तरी येतं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला हवंच असतं.

मामंजींना दोन मुलगे झाले आणि दोघांपैकी एकही डॉक्टर झाला नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. थोरल्याने औषधं विकायला घेतली, आणि धाकटा, म्हणजे माझे भाऊजी, विम्याच्या ऑफिसात चिकटले. त्यामुळे भाऊजींनी लग्नासाठी ही मुलगी घरी आणली तेव्हा मामंजींच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. मुलगी काय शिकली हे ऐकल्यावर ते मुलाशी बोलायचेच विसरले. तासभर तिच्याशीच गप्पा. हृदयाचे ठोके काय, हाडं काय, कुठल्या वॉर्डात किती दिवस काढले ते काय. मी चहा घेऊन गेले तर दोघं सुजलेल्या पायांबद्दल बोलत होती आणि भाऊजी बिचारे भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

तिचं शिक्षण सोपं नव्हतं. आधी पदवी, मग कॉलेज, मग हॉस्पिटलात प्रत्येक वॉर्डात पाळीपाळीने उभं राहायचं: बाळंतपणं, लहान मुलं, हाडं, मनाचे आजार, अपघात. त्यातला अपघात विभाग तिचा सगळ्यात आवडता. "तिथे ना ताई, दार उघडलं की कोण येईल ते माहीत नसतं," ती म्हणायची. "पटकन बघायचं, पटकन ठरवायचं. आपल्याला काय येतं ते तिथेच कळतं." हे बोलताना तिचे डोळे असे काही चमकायचे की मला हेवा वाटायचा. माझे डोळे असे कशाबद्दल चमकले होते ते मला आठवतही नाही.

शेवटी दिवसभराची परीक्षा झाली आणि सर्टिफिकेट मिळालं. मामंजींनी ते चौकटीत बसवून घेतलं आणि दवाखान्यात स्वतःच्या पदवीशेजारी टांगलं. पण हे सर्टिफिकेट काही कायमचं नसतं. दर दोन वर्षांनी शंभर तासांची व्याख्यानं ऐकून, चाचण्या देऊन सर्टिफिकेट देणाऱ्या मंडळाला दाखवावं लागतं की आपण अजून शिकतोय. आणि दहा वर्षं झाली की सगळी परीक्षा नव्याने, पहिल्या पानापासून. मी म्हटलं, माझ्या लग्नाचं सर्टिफिकेट बरं बाई, एकदा मिळालं ते मिळालं, अजून येतं का म्हणून विचारायला कोणी येत नाही. आणि आणखी एक अट: हे काम एकट्याने करता येत नाही. वर कोणीतरी डॉक्टर असावाच लागतो, आणि तिने जे केलं त्याची जबाबदारी त्या डॉक्टरची.

तिच्या वरचे डॉक्टर म्हणजे मामंजी. सकाळी सून म्हणून जिना उतरायची ती खाली असिस्टंट व्हायची, आणि संध्याकाळी जिना चढायची ती पुन्हा सून. मधे कुठेही रस्ता लागत नव्हता. बाकीच्या बायका कामावर जाताना निदान बसस्टॉपवर तरी उभ्या राहतात. हिला तेवढंही नाही.

मामंजी वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते. वाईट असते तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती. गोड बोलणारे, हसरे, पेशंटच्या आजीचंही नाव लक्षात ठेवणारे. त्यांनी हिला हाताला धरून शिकवलं. टाके घालायला, गळू फोडायला, रडणाऱ्या पोराच्या कानात बघायला. वर्षं गेली तसा त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा टाके ती घालू लागली. नजर मंदावली तेव्हा चिठ्ठ्या ती लिहू लागली. ते अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं ती कागदावर उतरवायची. पुढे पुढे तर ते नुसते घसा खाकरायचे आणि हिचं लिहून तयार. लोक कौतुक करायचे. मामंजी म्हणायचे, "अरे, माझं डोकं तिच्या हातात आहे." मी खिडकीपलीकडे बसून मनात म्हणायचे, मग तिचं स्वतःचं डोकं कुठे ठेवलंय?

दहा वर्षं संपत आली त्या वर्षी तिने मला एक गोष्ट सांगितली. दुपारी दुकान बंद असताना आम्ही दोघी स्वयंपाकघरात कांदे चिरत होतो. कुठल्याशा व्याख्यानाला तिला मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाई भेटल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी हिला पारखलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे जागा होते आहे. ह्या वेळची परीक्षा पास हो आणि ये.

"मग?" मी विचारलं.

"मग काय ताई. मला जायचंय." ती इतक्या हळू बोलली की जणू भिंतीतली खिडकी वरपर्यंत आली होती. "मला खूप जायचंय. पण पास होईपर्यंत कोणाला सांगू नका. मामंजींना तर नाहीच."

"भाऊजींना?"

"त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, आधी पास तर हो."

वा रे नवरा! माझ्या पोटात काही राहत नाही असं सगळे म्हणतात, पण ही गोष्ट राहिली.

पहिल्यांदा ती परीक्षेला बसली आणि नापास झाली.

अहो, आमच्या घरावर अवकळा आली. मला तर खरंच वाटेना. रोज इतके पेशंट बघणारी, दर दोन वर्षांनी न चुकता तास पुरे करणारी बाई नापास होते कशी? मामंजींचा चेहरा तर पार उतरला. दोन दिवस धड जेवले नाहीत. मंडळाकडून आणखी एकदा बसायची मुभा होती, त्यानंतर सर्टिफिकेट रद्द. मामंजींनी मला बोलावून सांगितलं, "सूनबाई, ह्यापुढे धाकटीला घरातलं कुठलंही काम सांगायचं नाही. दुपारी चारला तिला मी वर पाठवणार. तिने फक्त अभ्यास करायचा." आणि खरंच पाठवायचे. स्वतःचा चहा गार व्हायचा, पेशंट ताटकळायचे, पण चार वाजले की, "जा बाळ, वर जा." मला वाटलं, काय देवमाणूस आहे! आणि धाकटीला आणखीच अपराधी वाटायचं. "ते मला जायला मदत करतायत ताई, आणि त्यांना ते माहीतसुद्धा नाही."

मी तिचा अभ्यास घ्यायला लागले. अभ्यास घेणं म्हणजे काय, पुस्तकातून प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे आणि मागचं उत्तर बघून बरोबर-चूक सांगायचं. त्याला अक्कल लागत नाही, चष्मा लागतो.

"पन्नाशीचा माणूस," मी वाचलं. "परवा ओझं उचलताना कंबर धरली. पायात मुंग्या नाहीत, ताप नाही, बाकी ठणठणीत. आधी काय कराल?"

"एक्स-रे," ती म्हणाली. "आणि आठवडाभर झोपून राहायला सांगायचं."

"चूक. साधं दुखण्याचं औषध द्यायचं आणि हिंडतं-फिरतं ठेवायचं. झोपवायचं नाही आणि एक्स-रेही नको."

तिने कपाळावर हात मारून घेतला. पुढचा प्रश्न. लहान मूल, नाक वाहतंय, खोकला, बारीक ताप, खेळतंय-खातंय. ती म्हणाली, अँटिबायोटिकचं सिरप. पुस्तक म्हणत होतं, काही नको, पाणी पाजा, लक्ष ठेवा. असे लागोपाठ कितीतरी. मी पुस्तक खाली ठेवलं.

"तुला हे माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

ती बोटाने टेबलावरचं पाणी पुसत राहिली. "प्रश्न वाचला ना ताई, की मला पेशंट दिसतो. आणि पेशंट दिसला की आधी मामंजी काय लिहितील तेच डोळ्यांपुढे येतं. माझं उत्तर त्याच्या मागे कुठेतरी असतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर मी खूण करून मोकळी झालेली असते."

मला हसावं की रडावं कळेना. दहा वर्षं जिचं कामच मामंजींच्या मनातलं ओळखायचं, ती परीक्षेतही तेच ओळखत बसली होती. म्हणजे परीक्षा हिची आणि पेपर लिहिला सासऱ्यांनी! मी म्हटलं, "अगं भवाने, मामंजी परीक्षेला बसले असते तर तेही नापास झाले असते. तू कशाला त्यांच्या वतीने नापास झालीस?" त्यावर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग नुसतं पाणीच राहिलं आणि हसणं थांबलं.

मग मी एक युक्ती काढली. प्रत्येक प्रश्नाला आधी मामंजींचं उत्तर मोठ्याने म्हणायचं. ते बाहेर टाकलं की मग पुस्तकाचं. सुरुवातीला ती लाजायची, नंतर रंगात आली. घसा खाकरून, चष्मा नाकावर ओढून हुबेहूब म्हणायची, "लिही बाळ, सकाळ-संध्याकाळ पाच दिवस." आणि मग स्वतःच्या आवाजात बरोबर उत्तर. आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो. महिन्याभरात तिचं एकही उत्तर चुकेना.

पण झालं काय, एकदा दोन आवाज वेगळे झाले ते खालीही वेगळेच राहिले. एक दिवस एक बाई पोराला घेऊन आली. नाक वाहतंय, बाकी पोरगं टेबलावर चढतंय. मामंजी म्हणाले, "लिही." आणि नेहमी पळणारा हिचा हात थांबला. मी खिडकीतून बघत होते.

"काय झालं?"

"मामंजी, नुसतं नाकच वाहतंय. दोन दिवस वाट बघूया का?"

मला वाटलं, आता फटाका फुटणार. पण मामंजी हसले. ती बाई बाहेर जाईपर्यंत थांबले, तिला सिरप दिलंच, आणि मग म्हणाले, "पुस्तक मलाही ठाऊक आहे बाळ. पण ही बाई कामाचा खाडा करून आली होती. रिकाम्या हाताने पाठवली असती तर उद्या दुसऱ्याकडे गेली असती, आणि त्याने दोन सिरपं दिली असती. परीक्षेत मात्र पुस्तकाचंच लिही हं. इथलं इथे, तिथलं तिथे."

रोज मनात एक आणि हातातून दुसरं, अशी तिची कुतरओढ सुरू झाली. वर आली की हात धुवायची, आणि धुतच राहायची. माझा नवरा एकदा कुरकुरला, "हल्ली धाकटी चिठ्ठीत औषधं कमी लिहायला बघते, जरा बोल तिच्याशी." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या बाटल्या मोजा." त्या दिवशी आमचं भांडण झालं ते झालंच.

दुसऱ्यांदा ती परीक्षेला गेली तेव्हा मामंजी दारापर्यंत सोडायला आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, आणि मला वाटलं, वय झालं.

ती पास झाली! निकाल तिने जिन्यात उभं राहून फोनवर बघितला आणि तिथूनच "ताई!" म्हणून अशी किंचाळली की खालचे पेशंट उठून उभे राहिले. मी कडकडून मिठी मारली. त्याच दुपारी तिने अपघात विभागाच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक तारखेपासून ये. आता फक्त मामंजींना सांगायचं होतं, आणि ते भाऊजी सांगणार होते. भाऊजी म्हणाले, "आज नको, आज ते खुशीत आहेत." मी म्हटलं, "मग काय रडतील तेव्हा सांगणार?"

संध्याकाळी मामंजी मिठाईचा खोका घेऊन वर आले. सगळ्यांना समोर बसवलं. स्वतःच्या हाताने धाकटीच्या तोंडात तुकडा घातला आणि म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही."

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांना परवाना देणाऱ्या परिषदेने त्यांना तपासणीला बोलावलं होतं. आम्हाला ते म्हणाले होते, मित्राकडे जातोय. तिथे त्यांचा हात बघितला, नजर बघितली, आणि सांगितलं की एकट्याने दवाखाना चालवता येणार नाही. शेजारी पूर्ण वेळ सर्टिफिकेटवाली असिस्टंट असेल तरच परवाना. "मी तुझं नाव दिलं," मामंजी म्हणाले. "आणि तू पहिल्या वेळी नापास झालीस, तेव्हा बाळ, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पण तुझ्यावर ओझं नको म्हणून बोललो नाही. आता दहा वर्षांची काळजी मिटली. तू पास झालीस म्हणजे मी पास झालो."

माझा नवरा टाळ्या वाजवायला लागला. भाऊजी जमिनीकडे बघत होते. धाकटीच्या तोंडात तो तुकडा तसाच होता. तिला तो गिळता येत नव्हता आणि बाहेरही काढता येत नव्हता.

मी भाऊजींकडे बघितलं. मूग गिळून बसलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मामंजी," मी म्हटलं, "ती मोठ्या हॉस्पिटलात जाणार आहे. एक तारखेपासून. तिचं ठरलंय."

मामंजींनी खोक्याचं झाकण लावलं, एकदा नीट बसेना म्हणून पुन्हा लावलं.

"कुठल्या विभागात?" त्यांनी विचारलं.

"अपघात," धाकटी कशीबशी म्हणाली.

"छान. तुला ते पहिल्यापासून आवडायचं." मग खोका बाजूला सारून, "आधी सांगायचं नाही का बाळ? मी कधी अडवलं तुला?"

आणि हेच तर आहे. कधीच अडवलं नव्हतं. ओरडले असते, घरातून चालती हो म्हणाले असते, तर मी स्वतः तिची बॅग भरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला खाली उतरले तर मामंजी स्टूलवर चढून दवाखान्याची पाटी काढत होते. पान्हा हातात, आणि हात असा कापत होता की पान्हा नटावर बसतच नव्हता. नुसता पत्र्यावर खडखडत होता. मी म्हटलं, "अहो उतरा, पडाल!" ते म्हणाले, "असिस्टंट नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर पाटी कशाला? चार शहाण्या माणसांसारखं वागावं." त्यात राग नव्हता हो, अजिबात नव्हता. तो माणूस खरंच पाटी काढत होता.

धाकटी माझ्या मागे येऊन उभी होती. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातला पान्हा घेतला. "पाटी राहू द्या मामंजी. दुसरं कोणी मिळेपर्यंत मी थांबते."

हॉस्पिटलच्या बाई चांगल्या. त्यांनी महिनाभर जागा अडवून ठेवली. त्या महिन्यात आम्ही जाहिरात दिली, ओळखीत विचारलं, मी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर घातलं. दोघी येऊन गेल्या. पहिलीने मामंजींचा हात बघितला आणि सरळ म्हणाली, ह्यांच्या सहीवर मी काम केलं आणि उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? दुसरी चार दिवस टिकली. मामंजी अर्धं वाक्य बोलायचे आणि ती उरलेल्या अर्ध्याची वाट बघत बसायची. पेशंटची रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पाचव्या दिवशी ती आलीच नाही, आणि धाकटी आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसली.

महिना संपला तेव्हा तिने हॉस्पिटलात फोन केला. मी समोरच होते. "घरची अडचण आहे," एवढंच म्हणाली, आणि "हो, मला समजतं," आणि "थँक्यू." फोन ठेवून ती पुन्हा कांदे चिरायला लागली.

"अगं, तू गेली असतीस तरी ते काही उपाशी मरणार नव्हते," मी चिडून म्हटलं. "घर आहे, मुलगे आहेत. निवृत्त होतात माणसं!"

"हो ना."

"मग का नाही गेलीस?"

"दिवसभर वर बसून काय करतील ते?" ती म्हणाली. "त्यांना दुसरं काही येतच नाही ताई. मलाही."

मग तिने सुरी खाली ठेवली. "पहिल्यांदा मी सर्टिफिकेटची वाट बघितली. मग लग्नाची. मग दहा वर्षं कधी संपतील, परीक्षा कधी होईल, पास कधी होईन. नेहमी पुढे काहीतरी असायचं. आता मी कशाची वाट बघायची, ते तुम्हीच सांगा."

मामंजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. ते असेपर्यंत ती खालून सुटत नाही. मग ती कशाची वाट बघणार, हे तिला कळत होतं आणि मलाही, आणि दोघींपैकी एकीलाही ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. ज्या माणसाने तिला लेकीसारखं वागवलं त्याच्याबद्दल असा विचार मनात आला म्हणून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात खालून मामंजींच्या खोकल्याचा आवाज आला. आठ-दहा दिवस येत होता तो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि धाकटी ताडकन उठली. जिना उतरून गेली, छाती तपासली, पाठ तपासली. मामंजी म्हणत होते, "काही नाही गं, ऋतू बदलतोय, मी घेतो काहीतरी." ती म्हणाली, "तुम्ही काही घ्यायचं नाही. उद्या छातीचा फोटो काढायचा, रक्त तपासायचं, आणि मी सांगेन ते करायचं." असा आवाज तिने त्यांच्यासमोर कधीच काढला नव्हता. मामंजींनी गुपचूप शर्टाची बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोठ्या हॉस्पिटलात गेलो. छातीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर, आणि तिथे जायचा रस्ता अपघात विभागावरूनच. एक स्ट्रेचर धावत आत गेलं, दारं मागे-पुढे झुलत राहिली. तिथे कोणीतरी धाकटीच्याच वयाची, गळ्यात नवं ओळखपत्र घातलेली, पेशंटच्या बरोबरीने धावत बोलत होती. धाकटीने मामंजींचा दंड सोडला नाही. "पायरी आहे, जपून," ती म्हणाली.

तिने त्यांची एकूणएक तपासणी करून घेतली. फुप्फुसं, हृदय, साखर, सगळं. छातीच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की ते हसून म्हणाले, "बाई, माझीच परीक्षा घेताय." शेवटी त्यांनी सगळे कागद एकावर एक ठेवले आणि सांगितलं, साधा खोकला आहे, जाईल. बाकी ह्या वयाला असं शरीर मी क्वचित बघतो. हात कापतो तेवढंच. अजून दहा-पंधरा वर्षं ह्यांना काही होत नाही.

मामंजींची कळी खुलली. "ऐकलंस का बाळ? दहा-पंधरा!" धाकटी हसली. मी तिच्या शेजारीच होते, तिचा चेहरा अगदी जवळून बघितला, म्हणून सांगते, ती खोटं हसली नाही. तिचा जीव खरोखर भांड्यात पडला होता. मामंजी टॅक्सी बघायला ताठ मानेने पुढे गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले तशी धाकटी भिंतीला टेकली आणि तिने माझा हात धरला, इतका घट्ट की माझी बोटं दुखायला लागली.

"ताई, मला खरंच आनंद झाला हो," ती म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.